काशाच्या वाटीचं काळं

अण्णा सस्पेंड झाले त्या दिवशी आईने काय केलं असेल, तर दुसऱ्या दिवशीचा त्यांचा शर्ट इस्त्रीला दिला. रडणं नाही, आदळआपट नाही. अण्णांनी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून तो खाकी लिफाफा तिच्या हातात ठेवला, तिने उभ्याउभ्याच आतला कागद मुलांची वही तपासावी तसा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "उद्यापासून पाचला उठायचं तुम्ही." मी तेव्हा अकरावी संपवून बारावीत गेले होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मला वाटलं, या बाईला काळीज आहे की नुसती शाळेची घंटा बसवली आहे आत? आज साठीच्या उंबरठ्यावर बसून हे लिहिताना सांगते, काळीज होतं. घंटा तिने त्याच्यावर मुद्दाम बांधून घेतली होती, आणि ती तोडली मी.

अण्णा तलासरीला एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी डहाणू रोडहून एसटीने जायचे, संध्याकाळी धुळीने माखून यायचे, आल्याआल्या हातपाय धुऊन एक कप बिनसाखरेचा चहा प्यायचे, कारण साखर त्यांच्या रक्तात आधीच झाली होती. तर तिथली जमिनीच्या मोजणीची कसलीशी फाईल हरवली. रजिस्टरात शेवटची सही अण्णांची. फाईल सापडेपर्यंत किंवा चौकशी संपेपर्यंत घरी बसा, असा हुकूम. चौकशी जिल्ह्याला, म्हणजे तेव्हा ठाण्याला. तारीख मिळायची आणि पुढे जायची. माणूस दोषी ठरला तर निदान रडून मोकळं व्हावं, सुटला तर पेढे वाटावेत. इथे दोन्ही नाही. अधांतरी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते मी त्या वर्षी पाहिलं. अण्णांना वाटेत थांबवून दहा-दहा मिनिटं गप्पा मारणारी माणसं सायकलची घंटी वाजवत पुढे जायला लागली. शेजारच्या हसूबेन तेवढ्या बदलल्या नाहीत. त्या रोजच्यासारख्याच ढोकळ्याची बशी कुंपणावरून पुढे करायच्या आणि "चालशे बेन, बधु चालशे" म्हणून निघून जायच्या. खरंच चाललं असतं म्हणा सगळं.

आमच्या तीन खोल्या एका पारशी बावाजींच्या चिकूच्या वाडीला लागून होत्या. मागे पडवी, पडवीला लागून कुंपण आणि कुंपणापलीकडे चिकूची गर्द झाडं. दिवसभर पोपटांची भांडणं आणि अधूनमधून स्टेशनाकडून मालगाडीचा लांबलचक खडखडाट. दिवेलागणीला वटवाघळं चिकूवर उतरायची, तेव्हा वाडीचा राखणदार पत्र्याचा डबा बडवत झाडांखालून फिरायचा. तो डबा वाजला की आमच्या घरात सात वाजले. आई सरावलीच्या शाळेत शिक्षिका होती. अण्णांचा पगार अर्ध्यावर आल्यावर तिने पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली होती. डबा वाजायचा तेव्हा पुढे पंधरा-वीस पोरं पाढे म्हणत असायची आणि मागे पडवीत मी आणि अण्णा.

वेळापत्रक आईने पट्टीने रेघा मारून केलं होतं, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, म्हणजे आल्यागेल्याला दिसू नये. पाचला उठून अण्णांनी रात्री भिजवलेले मेथीचे दाणे पाण्यासकट घ्यायचे. मग किनाऱ्यावर जायचं आणि ओल्या वाळूतून अनवाणी चालायचं, कारण त्याने साखर उतरते असं तिला कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं. येऊन दाढी, अंघोळ, स्तोत्र. दाढी रोज. "बसलेला माणूस दाढीवरून ओळखू येतो," ती म्हणायची. इस्त्रीचा शर्ट घालूनच पेपर वाचायचा, आणि तोही मोठ्याने, तिला स्वयंपाक करताना ऐकू जाईल असा. जेवणात नाचणीची भाकरी, कारलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. भाजी लखमी द्यायची. ती सायवनहून पहिल्या एसटीने टोपली घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर पाणी पिऊन मग बाजारात जायची. दुपारी अण्णांनी मोगऱ्याला आळं करायचं, पोरांच्या वह्यांवर कव्हरं घालायची, अर्धा तास पडायचं, जास्त नाही. अण्णा एकदा कुरकुरले की मी काय शाळेतला पोर आहे का. तर आई म्हणाली, "दिवस आपल्या हातात नाही राहिला. वेळा तरी हातात ठेवू." मला हे वाक्य त्या वेळी फार पुस्तकी वाटलं होतं. बाईंची सवय, दुसरं काय.

आणि वेळापत्रकाच्या शेवटी, पत्र्याचा डबा वाजला की, काशाची वाटी. ती आईच्या माहेरची, तळहाताएवढी, खाली गोल, जड. तळपायाला खोबरेल लावायचं आणि वाटी उपडी धरून टाचेपासून बोटांपर्यंत गोलगोल घासायची, एकेक पाय पाव तास. घासता घासता तेल करडं होतं, मग काळंभोर. ती अंगातली उष्णता निघते, डोक्यातला विचार निघतो, झोप लागते, असं आमच्याकडे सगळे मानायचे, अजून मानतात. मग पाय फडक्याने पुसायचे. शिकवणी सुटली की आई मागे यायची आणि बाकी काही न बोलता तो फडका दिव्याखाली धरून बघायची. काळं जास्त असलं तर म्हणायची, "आज बरंच निघालं." तिच्या दिवसातलं समाधान काय ते एवढंच. हे काम माझं होतं, कारण ती शिकवणीला अडकलेली आणि घरात तिसरं होतंच कोण.

सुरुवातीचे महिने मला ती पडवी आवडायची, हेही सांगायला हवं, नाहीतर मी जन्मतःच कजाग होते असं वाटायचं. वाटी फिरवताना अण्णा तलासरीच्या गमती सांगायचे. मध्येच डोळ्यांनी खूण करायचे, मी उठून कुंपणापाशी पडलेला एखादा पिकला चिकू आणायची आणि ते अर्धा खायचे. अर्धाच. साखरेच्या माणसाला चिकू म्हणजे विष, पण चिकूच्या वाडीला लागून राहायचं आणि चिकू खायचा नाही हा कुठला न्याय? बिया मी कुंपणापलीकडे भिरकावायची, आई यायच्या आत त्यांचे ओठ पुसायची. आमचं दोघांचं ते पहिलं कारस्थान. आणखी एक गोष्ट आठवते. आधी वाटी तळव्याच्या मधल्या खळग्यात गेली की अण्णा गुदगुल्यांनी पाय ओढून घ्यायचे आणि बाईमाणसासारखे खिदळायचे. दिवाळीनंतर केव्हातरी ते खिदळणं बंद झालं. वाटी खळग्यात फिरायची आणि ते समोर बघत बसायचे. मला वाटलं, चौकशीच्या काळजीने हसू गेलं. पाय बधिर झाले असतील हे माझ्याही मनात आलं नाही, त्यांच्याही नाही. "पायाला कापूस बांधल्यासारखं वाटतं ग," ते एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, तेल जास्त झालं असेल.

मग कॉलेजात ते झालं. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभी राहणारी एक मुलगी, चांगली मैत्रीण म्हणवून घेणारी, परीक्षानळी हलवता हलवता सहज म्हणाली, "तुझ्या वडिलांनी फाईल कुणाला विकली ग?" भोवतालच्या दोघी-तिघी हसल्या. त्यांना ते घरूनच ऐकायला मिळालं होतं, म्हणजे गावभर होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगायचं तर राग त्या मुलीचा आला नाही. अण्णांचा आला. इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्याने पेपर वाचणारे अण्णा मला एकाएकी ढोंगी वाटायला लागले. सतरा वर्षांच्या वयात माणूस न्यायाधीश असतो, आणि त्या न्यायाधीशाला साक्षीदार लागत नाहीत.

त्या संध्याकाळी डबा वाजला. अण्णा पडवीत स्टुलावर बसले, पाय पुढे केले. तेलाची बाटली, वाटी, फडका सगळं मी मांडलं आणि तशीच बसून राहिले. मग विचारलं, "अण्णा, फाईल तुम्ही दिलीत का कुणाला?"

पुढच्या खोलीत तेराचा पाढा चालू होता. तो संपल्यावर अण्णा म्हणाले, "तुला काय वाटतं?"

आज मला त्या तीन शब्दांचा अर्थ कळतो. सगळ्या गावाने विचारून झालेलं होतं, आता घरातलीने विचारलं होतं, आणि त्या माणसाला फक्त एकदा ऐकायचं होतं की मला तसं वाटत नाही. मी त्याचा अर्थ काढला की त्यांनी उत्तर टाळलं. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "मला तुमच्या पायाला हात लावायचा नाही." असंच म्हटलं. याहून मऊ काही म्हटलं होतं असं स्वतःला पटवायचा मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला.

अण्णांनी पाय मागे घेतले. चपला सरकवल्या. रागावले नाहीत, तेही एक वाईटच. खाली बघत म्हणाले, "बरं. पण आईला कळू देऊ नकोस. तिचं एवढ्यावर चाललंय."

मग आमचं दुसरं कारस्थान सुरू झालं. त्यात अण्णांनी फक्त गप्प राहायचं कबूल केलं, बाकी सगळी अक्कल माझी. डबा वाजला की ते स्टुलावर बसायचे आणि मी दाराकडे पाठ करून रसायनशास्त्राचं पुस्तक उघडायची. अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. मग शिकवणी सुटायच्या जरा आधी मी कंदिलाच्या काचेच्या आतली काजळी बोटाने खरवडायची. तेव्हा वीज रोज जायची, त्यामुळे काजळीला तोटा नव्हता. ती तेलात कालवून फडक्याला पुसायची, वाटीच्या बुडालाही थोडी लावायची. पहिल्या दिवशी काजळी जरा जास्तच लागली. तिसऱ्या दिवशी मी त्यात तरबेज झाले. आई यायची, फडका दिव्याखाली धरायची. एकदा तर म्हणाली, "अलीकडे जास्तच काळं येतंय. निघतंय हो सगळं. बघा, लवकरच सुटेल आता गुंता." अण्णा "हं" म्हणाले. मी पुस्तकात तोंड खुपसलं. तीन आठवडे हे चाललं.

त्याच दिवसांत किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले होते. वारा फिरला की सगळ्या गावावर तो वास यायचा, आणि डहाणूच्या माणसाला तो कळतही नाही इतका अंगवळणी पडलेला. तरी आई दोनदा म्हणाली, "आज बोंबलांचा वास फारच घरात शिरलाय." तिने मागचं दार लावून घेतलं, उदबत्ती लावली. वास गेला नाही. अण्णांना संध्याकाळची कणकण यायला लागली. हवा बदलली, ती म्हणाली, आणि वेळापत्रकात सुंठीचा काढा वाढवला. सकाळचं चालणं मात्र चालू होतं. त्यांनी कधी चुकवलं नाही, अनवाणी चालणंही नाही, मेथीचं पाणीही नाही. हे सगळं ते तिच्यासाठी करत होते, आणि इतर कशाहूनही निष्ठेने करत होते.

पाहिलं लखमीने. सकाळची वेळ, आई शाळेत जायच्या गडबडीत, मी वेणी घालत होते. अण्णा किनाऱ्यावरून येऊन ओट्याच्या कडेवर पाय सोडून बसले होते आणि लखमी खाली पायरीवर पाणी पीत होती. तिच्या डोळ्यांसमोरच त्यांचा तळवा. तिने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुझे पायाला काय झालाय? माशा बसतात." अण्णा म्हणाले, कुठे काय. तिने सरळ त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. आई धावली, मी धावले. अंगठ्याच्या खाली, तळव्यात, कालवाच्या शिंपल्याची नखाएवढी कपची घुसलेली होती आणि तिच्याभोवती रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्यानिळ्या. तो वास बोंबलांचा नव्हता. अण्णा स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते. "मला काहीच कळलं नाही ग," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

डहाणूच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर वलसाडला न्यायला सांगितलं. दुपारच्या गाडीने नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, गुजरातीत बोलायचे. त्यांनी पाय तपासला आणि विचारलं की रोज पाय कोण बघत होतं. आई तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत जवळजवळ अभिमानाने म्हणाली की आम्ही फार काळजी घेतो, रोज संध्याकाळी मुलगी काशाच्या वाटीने तळपाय घासते, एक दिवस चुकत नाही. डॉक्टरांनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"म्हणजे एवढ्या जखमेवर तुम्ही रोज धातूचं भांडं घासत होता?"

त्यांनी विचारलं तसं इथे मराठीत लिहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल संशय नव्हता, तोच तर मला हवा होता त्या क्षणी. तिला वाटलं होतं की पडवीतल्या अंधुक उजेडात मला दिसलं नसेल, आणि हे काम लावून दिलं होतं तिने. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण खाटेवरून तापाने लाल झालेले अण्णा म्हणाले, "तिचा काही दोष नाही. मला दुखत नव्हतं. मीच म्हणायचो, जोरात घास." मी तोंड मिटलं आणि मान हलवली. तेवढंच केलं मी. एक मान हलवली.

पाय गुडघ्याखालून गेला. सही आईने केली, तिच्या त्या वळणदार अक्षरात, आणि सही करताना म्हणाली ते फक्त मला ऐकू आलं: "माझ्या हाताने झालं." डॉक्टरांनी एकदा घासण्याने जखम पसरते असं सांगितलं होतं, तिला तेवढं पुरलं. घरी परत आल्यावर तिने कपाटाच्या दारावरचा कागद काढला. फाडला नाही. चारही कोपरे नखाने सुटे करून घडी घातली आणि चुलीत टाकला. वाटी फळीवर सगळ्यात वर, रिकाम्या डब्यांच्या मागे. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाला पाचला उठवलं नाही. अण्णांची दाढी वाढली तरी ती बोलली नाही. ती शाळेत जायची, शिकवणी घ्यायची, आणि मग पुढच्या खोलीत पोरांच्या रिकाम्या सतरंजीवर बसून राहायची. अण्णा कुबड्या टेकत स्वतःच दाढीचं सामान घ्यायचे, मोठ्याने पेपर वाचायला लागायचे, आणि आतून काहीच आवाज येत नाही म्हटल्यावर मनात वाचायचे. पाय एकाचा गेला आणि चालणं दुसऱ्याचं थांबलं.

उन्हाळ्यात कचेरीत रंग काढला तेव्हा भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट हलवलं आणि मागे ती फाईल सापडली. उभी घसरून पडलेली. कुणी विकली नव्हती, कुणी खाल्ली नव्हती. अण्णांना परत घेतलं, थकलेला पगारही दिला. ते लाकडी पाय लावून पुन्हा तलासरीला जायला लागले, कंडक्टर त्यांच्यासाठी पुढची सीट धरून ठेवायचा. सायकलवाले पुन्हा थांबायला लागले. मी त्यांना कधी म्हटलं नाही की माझं चुकलं. बारावीचे मार्क चांगले पडले, तेवढंच सांगितलं.

मलाही आता साखर आहे. बापाकडून काहीतरी यायचंच. गेल्या महिन्यात माझ्या डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद दिला, पायाची काळजी. रोज तळपाय बघा, बोटांच्या मध्ये बघा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला तरी रोज बघायला सांगा. अनवाणी चालू नका. मी दवाखान्यातच हसायला लागले, बाईंना वाटलं हिचं डोकं फिरलं. उष्णता निघते की नाही देव जाणे, ते काळं नुसतं काशाचं असतं असंही मी आता ऐकलंय. पण आईच्या वेळापत्रकाने अण्णांना सकाळी अनवाणी पाठवलं होतं तशीच संध्याकाळी त्यांच्या तळव्याकडे अर्धा तास बघणारी एका डोळस माणसाची नजरही लावून दिली होती. तिला स्वतःला ठाऊक नसेल, पण तिने चूक आणि तिच्यावरचा इलाज दोन्ही एकाच कागदावर लिहिलं होतं. चूक अण्णांनी इमानाने पाळली. इलाज माझ्याकडे होता.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. लग्न होऊन मी नाशिकला गेले. एकदा माहेरी आले असताना ते ओट्यावर बसले होते, लाकडी पाय काढून भिंतीला टेकवलेला. विषय कुठूनच नव्हता आणि ते म्हणाले, "मी गेल्यावर आईला सांगून टाक. मी असताना नको, मलाच फटकारेल ती, तुम्ही का गप्प बसलात म्हणून." मी विचारलं, "का गप्प बसलात?" तर म्हणाले, "माझा पाय गेला तो गेलाच होता. त्याच्यात तुझं नाव कशाला आणखी." मग हळूच म्हणाले, "पण तिच्यावर उगाच गेलं ते. ते सोडव तू." मला परवानगी मिळालेली होती, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. माझ्याजवळ सबब नाही.

अण्णा गेल्यावर चार वर्षांनी आई अगदी थकली. मी डहाणूला जाऊन तिच्याजवळ राहत होते. बावाजींची वाडी तशीच होती, राखणदार नवा, डबा मात्र पत्र्याचाच. तिच्या तळपायांची फार आग व्हायची. एके दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर चढून फळीवरच्या डब्यांमागून वाटी काढली, चिंचेने घासून लख्ख केली, खोबरेल कोमट केलं आणि तिच्या खाटेपाशी बसले. म्हटलं होतं, वाटी फिरवता फिरवता सांगू. हात कामात असला की तोंड सुटतं. तिने वाटी पाहिली आणि पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नको ग. त्या वाटीने या घरातला एक पाय घेतला. पुरे झालं."

मी म्हटलं, "आई, वाटीने नाही घेतला." एवढं मी म्हटलं. इथवर आले होते मी.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात अजूनही खडूने खरबरीत झालेला असावा तसाच होता. म्हणाली, "मला माहीत आहे तू मनाला लावून घेतलंस. बोलत नाहीस, पण मला दिसतं. तू लहान होतीस. मी सांगितलं तेवढं तू रोज मुकाट्याने केलंस. परीक्षा डोक्यावर असताना केलंस. तुझ्याकडे काही दोष नाही त्याचा."

खरं बोललं तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि एवढी वर्षं जपून ठेवलेली तिची गुणी मुलगी तिच्या हातून गेली असती. मी तिच्यासाठी गप्प बसले असं म्हणायचा मोह होतो. पण गप्प बसले ते माझ्यासाठीच. वलसाडलाही आणि त्या दिवशीही. मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "बरं, वाटी राहू दे. नुसत्या हाताने चोळते." मग तिने पाय पुढे केले.

बाहेर डबा वाजायला लागला होता. मी तिचे तळवे आधी नीट बघितले, टाचांच्या भेगा, बोटांमधली जागा, सगळं. काही नव्हतं. मग तेल लावून सावकाश चोळत राहिले. पाव तास झाला असेल, तिचा डोळा लागला असं वाटलं. मी फडक्याने पाय पुसले. फडका पांढराच राहिला, तो दुसरा कसला होणार. तर ती झोपेतच जरा हलली आणि डोळे न उघडता, शिकवणी सुटल्यावर मागच्या पडवीत येऊन विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आज निघालं का ग काही?"

"निघालं," मी म्हटलं. "बरंच निघालं, आई."